टॅपेटचा आवाज नव्हता, तरी काम उगाच नव्हतं

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला. टू-व्हीलर दुसऱ्या दिवशी मिळाली, तुम्हाला रिक्षाने फिरावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. पण "आवाज नसताना टॅपेटचं काम उगाच काढलं आणि साडेतीनशे रुपये लावले" हे जे लिहिलंत ना, ते फार लागलं. टॅपेटचं काम म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातला बारीक गॅप मापात बसवणं. पैसे काम घेण्याआधीच सांगितले होते. भांडुपला वडिलांच्या वेळेपासून आमचं गॅरेज आहे, असं कोणी म्हटलेलं नाही.

तक्रार तुम्हीच सांगितलीत. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण गरम झाली की सिग्नलला बंद पडते आणि मग लवकर उठत नाही. प्लग तर तुम्ही दुसरीकडे बदलूनच आला होता. साहेब, टॅपेट ढिले असले तर टकटक ऐकू येते, ते कोणालाही कळतं. टाइट झाले की आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं. व्हॉल्व्ह आणि तो जिथे टेकून बंद होतो ती सीट घासत जातात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि रॉकरखालचा गॅप संपत येतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह आणखी लांबतो, मग तो पूर्ण बंदच होत नाही आणि कंप्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातं. म्हणून थंड गाडी ठीक, गरम गाडी बंद. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सीटला टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जाते. नीट टेकला नाही तर जळतो, आणि मग हेड उतरवायचं काम निघतं. ते साडेतीनशेत होत नाही.

राहिला दुसरा दिवस. तुम्ही संध्याकाळी सातला बीकेसीहून एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून आलात, इंजिनला हात लावता येत नव्हता. कंपनीने दिलेलं गॅपचं माप थंड इंजिनचं असतं. गरमवर तेच माप लावलं तर सेटिंग चुकतं, म्हणून रात्रभर ठेवावी लागली. सकाळी पिस्टन वर आल्याची मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, दोन्ही रॉकर मोकळे आहेत हे बघून गॅप मोजायचा गेज लावला, तर एक्झॉस्टला ठरलेल्या मापाचं पातं शिरतच नव्हतं. हेच दाखवायला तुम्हाला नऊला बोलावलं होतं. तुम्ही दुपारी आलात आणि बिल बघून रागावलात. ऑफिस असतं, समजू शकतो, पण बघितलं असतंत तर हे लिहिलं नसतंत.

मित्राच्या बुलेटला टॅपेट करावे लागत नाहीत, असंही लिहिलंय. काही बुलेटमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते गॅप आपोआप सांभाळतात. तुमच्या गाडीत स्क्रू आहे, तो फिरवून गॅप हातानेच बसवावा लागतो. आणि सर्व्हिसिंगला दोनच हजार किलोमीटर झाले म्हणता, तर त्या बिलात टॅपेट तपासल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. शिवाय जॅममध्ये किलोमीटरचा मीटर थांबतो, इंजिन चालूच असतं, तेही तापलेलं.

यापुढे टॅपेटची गाडी रात्रभर राहील हे आधीच नीट सांगू, मुलांनाही तसं बजावलंय, बाकीचंही बघतोय. गाडी आता सिग्नलला बंद पडत नाही, हे तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. जमलं तर त्या एका स्टारचा पुन्हा विचार करा, नवीन गिऱ्हाईक आधी तेच बघतं.