‘५८ ते ६८’ या नोंदीतील चुकीबद्दल: आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हीआर हेडसेटची (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य पाहण्याच्या साधनांची) तुलना करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरला दोन स्टार देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी सावकाश वाचला. अक्कलकोट रस्त्यावरील आपल्या टॉवेल कारखान्यात नव्या कामगारांना प्रत्यक्ष मागावर उभे करण्यापूर्वी आभासी मागावर शिकवावे, या हेतूने आपण आमचा तक्ता पाहून मेटा क्वेस्ट ३एसचे चार संच घेतले. त्यातले चित्र आपल्याला धूसर दिसते, आमच्याकडे पाठवलेल्या ईमेलला नऊ दिवस उत्तर आले नाही, आणि आम्ही पैसे घेऊन क्रमवारी लावतो की काय, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. पहिल्या दोन पूर्णपणे रास्त आहेत.

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतराच्या रकान्यात आम्ही या हेडसेटपुढे ‘५८ ते ६८ मिमी’ असे छापले होते. ते वाचून कोणालाही वाटेल की, मधले कोणतेही अंतर जुळवता येते. प्रत्यक्षात ३एसच्या लेन्सना ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. चष्म्याच्या दुकानात मोजलेले आपले अंतर साडेसाठ मिमी आहे. म्हणजे पहिल्या जागेवर ठेवा की दुसऱ्या, प्रत्येक डोळा लेन्सच्या मध्यापासून सव्वा मिमी बाजूला राहतो. कागदावर हे किरकोळ दिसते, परंतु ३एसमध्ये फ्रेनेल लेन्स, म्हणजे वर्तुळाकार खाचा असलेली पातळ भिंगे आहेत आणि त्यांचा स्वच्छ दिसणारा मधला भाग लहान असतो. गेल्या शनिवारी कारखान्यात आपण हेडसेट माझ्या हाती दिला आणि तुटलेला उभा धागा शोधण्याचा धडा लावला. माझे अंतर ६३ असल्यामुळे मला तो धागा लगेच दिसला. आपल्याला मात्र शेजारचे दोन-तीन धागे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत होते. ज्या धड्यात धागाच ओळखायचा आहे, तिथे हा दोष सांभाळून घेण्यासारखा नाही. यात हेडसेटची काही चूक नाही, चूक आमच्या नोंदीची आहे, आणि तिच्यामुळे आपले पैसे गेले याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या रकान्यात टप्प्यांची जुळणी आणि सलग जुळणी वेगवेगळी दाखवली आहे. २०२३ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३ला लेन्स सरकवण्यासाठी चाक आहे आणि ते फिरवून ५८ ते ७१ मिमीपर्यंतचे कोणतेही अंतर जुळवता येते, हे शेजारीच दिसते. ही दुरुस्ती करताना वजनाच्या रकान्यातही असाच घोळ सापडला: ॲपल व्हिजन प्रो या हेडसेटचे वजन आम्ही दिले होते, पण ३५३ ग्रॅमची वेगळी बॅटरी खिशात वागवावी लागते हे कुठेच लिहिले नव्हते. दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे हेडसेटमधून किती रुंद दृश्य दिसते याच्या बाबतीत काही आकडे आडवे आणि काही तिरपे (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) मोजलेले होते. तिरपा आकडा नेहमीच मोठा येतो, म्हणून तेही वेगळे केले आहेत.

ईमेलचे काम पाहणारी व्यक्ती रजेवर असताना ते मी स्वतः पाहायला हवे होते. पाहिले नाही, त्याबद्दल क्षमस्व.

क्रमवारीविषयीची शंका मात्र मला मान्य नाही. कोणत्याही उत्पादकाकडून वा विक्रेत्याकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. आमचे उत्पन्न फक्त आपल्यासारख्या ग्राहकांच्या वर्गणीतून येते. आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये किमतीला सर्वाधिक महत्त्व दिलेले दिसते, त्यामुळेच ३एस वर आला. प्रत्येक डोळ्यासाठी त्याचे रिझोल्यूशन १८३२ × १९२० आणि क्वेस्ट ३चे २०६४ × २२०८ आहे. स्पष्टतेला अधिक महत्त्व दिले असते, तर क्रम बदलला असता. तरीही हे महत्त्व कसे ठरते, याचा खुलासा निकालाच्या शेजारी ठेवणे आमचे काम होते, आणि तो आता तिथे आहे.

आपली वर्षाची पूर्ण वर्गणी काल परत केली आहे. आमच्या जुळे सोलापूर येथील कार्यालयात क्वेस्ट ३ पाहण्यासाठी ठेवलेला आहे. त्यावर आपलाच धागा शोधण्याचा धडा लावून पाहावा आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा, ही विनंती. येताना चष्मा लावणाऱ्या एक-दोन कामगारांना सोबत आणावे, कारण प्रत्येकाच्या चष्म्याची चौकट हेडसेटमध्ये मावते की नाही, हे आमच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही.

आपला नम्र,
संचालक