गावात वाचनाचा कार्यक्रम घ्यायचाय? मग ऐका

राजेहो, मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन झाला, गाव आणि शाळा मिळून वाचणार होते म्हणे. मी शाळा व्यवस्थापन समितीत हाओ, म्हणून अनुभवाचे बोल फुकटात देऊन राहिलो.

आधी फ्लेक्स करा, पुस्तकाचं मागून पाहू. त्यावर कलाम साहेबांचा फोटो अंगठ्याएवढा, बाकी सरपंच, उपसरपंच आणि जेसीबीवाले भाऊ बशीएवढे. साहेबांचा वाढदिवस म्हणूनच 15 ऑक्टोबरला हा दिवस असतो हे खरं, पण त्यायनं काय आपल्या रस्त्यावर मुरूम टाकला होता?

वेळ सकाळी अकराची ठेवा. सोयाबीन काढणीची ऐन घाई, थ्रेशरवाल्याचा नंबर आठ दिवसांनी लागलेला, बायामाणसं डबा घेऊन सकाळीच वावरात. एकही मायबाप येत नाही, मग माइकवरून ‘पालकच उदासीन आहेत’ म्हणायला मोकळे.

पाहुणे दोन तास उशिरा. हे सांगायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, पुस्तकं. ती कपाटात ठेवावी, कपाट ऑफिसात, चावी गुरुजींच्या खिशात आणि गुरुजी तालुक्याहून अपडाऊन. कार्यक्रमाच्या दिवशी कपाट उघडायचं, पोट्ट्यांना उन्हात ओळीनं बसवायचं, हातात एकेक पुस्तक द्यायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि पुस्तकं मोजून परत घ्यायची. आमची पोरगी चौथीत आहे, तिला कोल्ह्याची गोष्ट आली होती, कोल्हा विहिरीत पडला तिथवर वाचून झालं अन् सर म्हणाले, ‘झाला फोटो, आणा इकडे.’ रात्री पोरगी मला विचारून राहिली, बाबा तो निघाला का बाहेर? मी काय सांगू? दुसऱ्या दिवशी काम सोडून शाळेत गेलो, पुस्तक चार दिवस घरी द्या म्हटलं, तर म्हणे फाटलं तर कोण भरेल, ऑडिट असते. अहो, बंद कपाटात वाळवी लागली तेव्हा कुठं गेलतं ऑडिट? आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, गोष्टीची पुस्तकं पाहिजेत असं लिहिलंय, ते काय कुलपासाठी लिहिलं?

अन् वरून पाहुणे सांगतात, खेड्यात वाचनाची आवडच नाही. बाप्पा! आमच्या मंदिरात रात्री जेवणं झाली की तुकडोजी महाराजांची ग्रामगीता लागते, 41 अध्याय, एक जण वाचतो अन् सारे ऐकतात, ज्या आजीला सही येत नाही तिला ओव्या पाठ आहेत. फ्लेक्स नाही, पाहुणे नाही, नाश्त्याचं बिल नाही. तिथंच आठवड्यातून एक दिवस पोट्ट्यांना गोष्ट वाचायला लावा म्हणून मी मीटिंगमध्ये दोनदा बोललो, तर रजिस्टरमध्ये ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

थट्टा पुरे आता. लाज वाटू द्या जराशी. लेकरांच्या हातातून पुस्तक ओढून घेता अन् त्यालाच प्रेरणा म्हणता? सोमवारी मी येऊन राहिलो शाळेत, कपाट उघडं ठेवा, फाटलं तर पैसे मी भरतो. अन् तो फ्लेक्स काढा आधी, पोरींच्या मुतारीचं दार झाकून टाकलंय त्यानं.