कांड्या भरणारी मी, मग कांडीवाला कोण?

परवा रात्री शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर एका शब्दावरून भांडण पेटलं. कट्टा म्हणजे बंद पडलेल्या मागाच्या शेडची पायरी. जेवणं झाली की जमतो: मास्तर, वकील, विम्याचं काम करणारे अण्णा (घरात कानडी, कट्ट्यावर मराठी), शाळेतून निवृत्त झालेल्या अक्का आणि मी. त्या दिवशी वकिलांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचाही होता.

मूळ कारण गल्लीतल्या पंचांपुढची एक बैठक. कुणाची, ते लिहीत नाही. घरात माग आहेत, एवढंच. (आडवं सूत गुंडाळून मागाच्या धोट्यात घालतात, ती कांडी.) नवऱ्याचा फोन रात्री उशीखाली पालथा असायचा आणि साडेबाराच्या सुमारास उशीच्या कडेनं उजेड यायचा. एका रात्री बाईनं फोन उचलून बघितला. नाव होतं ‘कांडीवाला’, आत मेसेज दुसऱ्या बाईचे. बैठकीत ती एवढंच म्हणाली, “कांड्या मी भरते. लग्न होऊन आल्यापासून मीच भरूलालीय. आमच्यात कांडीवाला आला कुठनं?”

पंचांनी विचारलं, “ती दोघं कुठं भेटली काय?” ती नाही म्हणाली. “मग शेण तर खाल्लं नाही की. बोलला नुसतं.” त्यावर तिला काही बोलता येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत ती बसून राहिली. मी तिथंच भिंतीला टेकून होतो आणि मीही गप्प बसलो.

कट्ट्यावर हे निघालं, न भेटता चाललेल्या असल्या भानगडीला म्हणायचं काय असा प्रश्न आला, तसं भाचा म्हणाला, “मामा, ह्याला शब्द आहेत की. जोडीदाराशी बारीकसारीक बेइमानी ती मायक्रो चीटिंग, चावट मेसेज ते सेक्स्टिंग. खोटं नाव, खोटा फोटो लावून नादी लावलं तर कॅटफिशिंग.”

मास्तरांना हे सहन होणं शक्य नव्हतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना पर्याय दिले, सावरकरांनी महापौर, दिनांक, दूरध्वनी दिले, आणि आपण उशीखालच्या फोनसाठी इंग्रजीपुढे हात पसरायचा? त्यांचा शब्द तयार होता: ‘आभासी व्यभिचार’.

इथं मी तापलो. इंग्रजीतला ‘व्हर्च्युअल’ मुळात ‘जवळजवळ तेच, परिणामानं तेच’ असं सांगतो. आपण त्याचं ‘आभासी’ केलं आणि अर्थ उलटा झाला. आभास म्हणजे दिसतं खरं, पण नसतं ते. पंचांनी त्या बाईला हेच तर सांगितलं! तुमचा शब्द नवऱ्याची वकिली करतोय, मास्तर. रात्री साडेबाराचा उजेड आभास नव्हता, तिची गेलेली झोपही नव्हती.

अण्णांनी कानडीतला ‘चेल्लाट’ पुढे केला. त्यातला ‘आट’ म्हणजे खेळ. उथळ लाडीगोडी, थिल्लर चाळे, असा त्याचा रंग. शब्द मला फार आवडला. दोघंही मोकळी असतील आणि फोनवर एकमेकांची गंमत करत असतील, तर ‘चेल्लाट’ खुशाल घ्यावा. अक्का आणि अण्णा घेतलेच आहेत की कानडीतून! मराठीतही ‘खडा टाकून बघणं’ आहेच. आधी साधा नमस्कार, मग फोटोला बदाम, मग ‘जेवलीस काय?’, हे सगळं त्यात बसतं. खरं ह्या घरात खेळ चालला नव्हता. भाच्यानं ‘बोटचाळे’ सुचवला, तोही मी त्याच कारणानं नाकारला. चाळे पोरं करतात, आणि पोरांना माफ करायचं असतं.

वकिलांनी मग कायदा सांगितला. व्यभिचाराचं 497 कलम सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं, त्यामुळे तो आता गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून तो 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आहे, खरं तिथंही प्रत्यक्ष शरीरसंबंध लागतो. नुसत्या मेसेजांवरून व्यभिचार सिद्ध होत नाही. फार तर ‘क्रूरता’ म्हणून मांडता येतं. म्हणजे पंचांचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न एकच: भेटले काय?

तेवढ्यात भाच्याला सुचलं. “मामा, ‘कांडीवाला’च म्हणूया की! अमक्याच्या फोनात कांडीवाला आहे.” सगळे खदखदून हसले. मास्तरांनीही मांडीवर थाप मारली. शब्द आमच्या मातीतला होता, तोंडात बसणारा होता, आठवड्यात गल्लीभर झाला असता. अक्का मात्र हसल्या नाहीत. “उद्या ती नळावर पाणी भरायला गेली,” त्या म्हणाल्या, “आणि मागनं कुणी हा शब्द टाकला, तर तिनं कुठं बघायचं?”

हसणं तिथंच थांबलं. मला जे सांगायचं होतं ते अक्कांनी सांगितलं होतं. इंग्रजी घ्या, आपले घ्या, हे सगळे शब्द करणाऱ्याकडून बघतात. त्यानं काय केलं, किती केलं, कुठंपर्यंत गेला. जिच्या शेजारी उशी आहे, तिला पंचांसमोर उभं राहून उच्चारता येईल असा एक शब्द नाही. आणि तिला लागलं ते त्याचं दुसरीशी बोलणं एवढंच नव्हतं. तिच्याच कामाचं नाव घेऊन त्यानं ते लपवलं. ज्या कांड्या भरून तिच्या बोटांना घट्टे पडले, त्यांच्या आड.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अक्का म्हणाल्या, “चोरकप्पा असतो, चोरखिसा असतो, चोरवाट असते. हा चोरसंग.”

मास्तर पुटपुटले, संग म्हटला की प्रत्यक्ष सहवास आला. मी म्हणालो, नाही, मनाचा संग, वाईट विचारांचा संग आपण म्हणतोच की. चोरसंगाला भेटावं लागत नाही, लपवावं लागतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि बाईमाणसाला चारचौघांत तोंडानं म्हणता येतो. वकील म्हणाले, “अर्जात मला ‘क्रूरता’च लिहावं लागणार.” लिहा. अर्ज कोर्टासाठी आहे. बैठक गल्लीची आहे, तिथं आमचा शब्द चालेल.

काल सकाळी पंचांतल्या वडीलधाऱ्या काकांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, शब्दही सांगितला. त्यांनी तो दोनदा स्वतःशी म्हणून बघितला. मग मला म्हणाले, “पटतंय. खरं त्या दिवशी तू तिथंच होतास की. तेव्हा का बोलला नाहीस गा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठक पुन्हा बोलवा, एवढं सांगून आलो. सोमवारी आहे. अक्का तिच्या शेजारी बसणार आहेत, आणि पहिल्यांदा मी बोलणार आहे.