फिशटँकला बाथरूमचं सिलिकॉन लावू नका

‘आंबट वासाच्या सिलिकॉनमध्ये अ‍ॅसिड असतं, त्याने मासे मरतात. बिनवासाचं बाथरूमचं घ्या, बुरशीही धरत नाही. गळतंय तिथे वरून एक थर मारा आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि तो हार्डवेअरच्या दुकानात निघालाही होता. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी बुरशीचं, कारण माशांच्या जिवाशी खेळ तिथेच आहे. बाथरूमच्या सिलिकॉनवर बुरशी धरत नाही, कारण त्यात बुरशीनाशक घातलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. बाथरूममध्ये ते वाहून जातं. टाकीत कुठे जाणार? तेच पाणी फिल्टरमधून फिरतं आणि माशांच्या कल्ल्यांतून जातं. अशा सिलिकॉनमध्ये वापरलं जाणारं ऑक्टिल-आयसोथायाझोलिनोन युरोपीय संघाच्या रसायन-वर्गीकरणात ‘जलचरांना अतिशय विषारी, परिणाम दीर्घकाळ टिकणारे’ असं नोंदलेलं आहे. ट्यूबवर ‘सॅनिटरी’, ‘अँटी-फंगल’ किंवा ‘मोल्ड रेझिस्टंट’ दिसलं की ती परत ठेवा. ‘100 टक्के सिलिकॉन’ या शब्दांवर भुलू नका; बुरशीनाशक घातलेल्या ट्यूबवरही ते छापलेले असतात.

आंबट वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होताना ते बाहेर पडतं. पूर्ण सुकलं की वास संपतो. काचेच्या टाकीला हेच अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन घ्यायचं: बुरशीनाशक नसलेलं, ट्यूबवर अ‍ॅक्वेरियमसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेलं. मेसेजमधली अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य. सिमेंटच्या हौदाला आणि लोखंडी फ्रेमला हे सिलिकॉन चालत नाही, कारण अ‍ॅसिड सिमेंट खातं आणि लोखंड गंजवतं. तिथे न्यूट्रल, म्हणजे घट्ट होताना असं अ‍ॅसिड न सोडणारं सिलिकॉन लावा, पण तेही बुरशीनाशकाशिवायचंच.

वरून थर मारणं म्हणजे ट्यूब वाया घालवणं. सुकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. पाणी त्या दोघांच्या मधून वाट काढतं. आतल्या कोपऱ्यांतली जुन्या सिलिकॉनची पट्टी सगळी काढा, फक्त गळतीपुरती नको. ब्लेड काचेला सपाट धरून खरवडा, मग बोट फिरवून पाहा: बोट अडखळलं तर पातळ थर अजून शिल्लक आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉन भरा, वरची साय धरायच्या आत एका ओढीत बोट फिरवा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. दोन काचांच्या मधला थरच सुटला असेल तर आतल्या पट्टीने भागणार नाही, टाकी उकलून पुन्हा जोडावी लागते.

दुसऱ्या दिवशी पाणी? सिलिकॉन बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी. वरून कोरडं लागलं तरी आत ओलं असतं. किमान 7 दिवस थांबा, वास असेल तर आणखी. चोवीस तासांनंतरही वरून चिकट असेल तर ट्यूब बहुधा मुदत संपलेली आहे. सगळं काढून पुन्हा लावा. मग टाकीखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून 48 तास पाणी भरून ठेवा, कागद भिजला नाही तर ते पाणी फेकून मासे सोडायचं ताजं पाणी भरा.