मुलगी वयात आली की मैदान सुटते

माझी भाची यंदा सातवीत गेली आणि तिचा खो-खो बंद झाला. कारणे नेहमीचीच होती: शिकवणी, "आता मोठी झालीस" आणि आजीचे "उन्हात काळी पडशील". त्याच आठवड्यात उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या, दुधात घालायच्या पावडरीचा मोठा डबा घरात आला. हाडांची काळजी घेणारे आणि हाडांचा व्यायाम बंद करणारे लोक एकच आहेत, याचे मला नवल वाटते.

हाडांत खनिज, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, साठण्याचा वेग आयुष्यभर सारखा नसतो. मुलींमध्ये तो साधारण साडेबाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, आणि त्याच्या आगेमागच्या अवघ्या 2 वर्षांत प्रौढपणीच्या एकूण खनिजापैकी जवळपास पाव हिस्सा जमा होतो. उंची मात्र आधी वाढते आणि खनिज काही महिने मागे राहते, त्यामुळे या वयात पडल्यावर मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण अधिक असते. त्या भीतीने खेळच थांबवणे म्हणजे रोग राहिला बाजूला आणि औषधच बंद, असा प्रकार झाला.

हाडावर भार पडला, आपटले, ओढले गेले, तरच ते अधिक घट्ट होते. फिनलंडमधील टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांच्या पाहणीत रॅकेट धरणाऱ्या हाताची हाडे दुसऱ्या हातापेक्षा भरीव आढळली. पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांमध्ये हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. आपल्याकडे लंगडी, दोरीच्या उड्या आणि खो-खो हेच काम करतात, तेही फुकट. पोहणे चांगलेच, पण पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही.

आहार गौण आहे असे मी म्हणत नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 10 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 850 मिलीग्रॅम आणि त्यानंतरच्या 3 वर्षांत 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलीग्रॅम असते आणि नाचणीला मोड आणले तर त्याचे शोषण सुधारते. पालकाची कीर्ती मात्र मला अवाजवी वाटते, कारण त्यातील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा शेवग्याचा पाला किंवा काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेली बरी.

उरले ऊन. आपण कोवळ्या उन्हाचे गोडवे गातो, परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. ते खिडकीच्या काचेतून येत नाहीत आणि सावळ्या त्वचेला तर अधिक वेळ लागतो. 2016 ते 2018 या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 24 टक्के मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. 5 ते 9 वयोगटात हे प्रमाण 18 टक्के होते. मधल्या सुट्टीची काही मिनिटे मैदानावर घालवली तरी पुष्कळ साधेल, पण मुली तेव्हा वर्गात बसून डबा खातात.

शिकवणीची वेळ बदलून घे, असे मी ताईला सुचवून पाहिले. बाईंकडे साडेपाचचीच तुकडी आहे आणि ती सुटेपर्यंत मैदानावर एकही मुलगी उरलेली नसते.