वेळ नाही म्हणे नाटकाला!

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. आशय असा: आजच्या धकाधकीत तीन तास नाटकाला किंवा मैफलीला बसायला वेळ कुणाला आहे? लोकांना सगळं दोन मिनिटांत हवं. फोनवर सगळं मिळतंही. आणि कलेनं पोट थोडंच भरतं?

आधी वेळेचं बघू. धावपळ आपल्याच पिढीच्या वाट्याला आली असं वाटत असेल, तर मुंबईचं गिरणगाव आठवावं. पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्या, एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, खानावळीतलं जेवण. भजनी मंडळं, शाहिरी, लोकनाट्य आणि कामगार रंगभूमी फोफावली ती याच वस्तीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख या शाहिरांना ऐकायला गर्दी करणारे लोक दिवसभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहून आलेले असत. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं, तेही या कामगारवस्तीतच.

हे झालं जुनं. आजचं बघायचं तर पूर्व विदर्भात जावं. धानाचा हंगाम उरकला की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा-देसाईगंजहून मंडळ्या निघतात आणि गावकरी तिकीट काढून रात्रभर मांडवात बसतात. मोबाइल त्यांच्याही खिशात असतोच.

‘दोन मिनिटांत हवं’ हा मुद्दा तर रीलपेक्षा फार जुना. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयांनी तेवढ्यात तो बसवला. अब्दुल करीम खाँ यांची अशीच एक तबकडी ऐकून गदगच्या एका मुलाला गाण्याचं वेड लागलं आणि गुरूच्या शोधात तो घरातून पळाला. त्याच भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि डिसेंबरच्या थंडीत लोक आजही तिथं तासन्‌तास बसतात. तीन मिनिटांच्या गाण्यानं मैफलीला श्रोता दिला, गायकही दिला. नाटकही काळाप्रमाणे आटोपशीर झालंच की. पूर्वी पाच अंकी संगीत नाटक रात्र खायचं, आता दोन अंकांत पडदा पडतो.

फोनवर सगळं मिळतं? नाटकाचं चित्रीकरण मिळतं. नटानं कालच्यापेक्षा अर्धा क्षण जास्त थांबून घेतलेला हशा त्यात कुठून येणार? (तिकिटं मात्र फोनवर झटकन निघतात, तेवढे आभार.)

पोटाच्या मुद्द्यात तथ्य आहे. नोकरी सांभाळून तालमी करणारे नट खूप आहेत. पण झाडीपट्टीच्या एका हंगामावर नट, वादक, मांडववाले, पोस्टर छापणारे, चहाच्या टपऱ्या अशी कितीतरी घरं चालतात.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. वेळ काढणारा प्रेक्षक जागेपाशी अडतो. ठाणे, मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीला नाट्यगृहं झाली तेव्हा उपनगरातला माणूस दादरपर्यंत न जाता रविवारी दुपारी नाटकाला जाऊ लागला. उलट दामोदर पुनर्विकासाच्या वादात अडकलं आणि परळकरांचं हक्काचं नाट्यगृह बंद पडलं. तिथला प्रेक्षक घरी बसला, तर त्याला वेळ नाही असं कसं म्हणायचं?