निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे घरात मोकळीक नव्हे

‘होस्टेलवरून निघताना कोरोना टेस्ट निगेटिव्ह आली असेल, तर मुलांना घरी वेगळं ठेवायची गरज नाही,’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे, आणि घरात आजी-आजोबा असतील तर धोक्याचंही.

टेस्ट फक्त नमुना घेतला त्या वेळचं सांगते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात. लागण नुकतीच झाली असेल तर आरटी-पीसीआरमध्येही ती बऱ्याचदा सापडत नाही. टेस्टनंतरची निरोपाची पार्टी आणि गच्च भरलेल्या डब्यातला प्रवास तर त्या रिपोर्टमध्ये येणारच नाही. शिवाय लक्षणं दिसण्याच्या साधारण 2 दिवस आधीपासून माणूस दुसऱ्यांना लागण देऊ शकतो.

सगळ्यात जपायची वेळ जेवणाची. मास्क उतरलेले, गप्पा रंगलेल्या, सगळे तासभर समोरासमोर. म्हणून सुरुवातीचे दिवस मुलाचं ताट वेगळ्या खोलीत द्या, खिडक्या उघड्या ठेवा, आणि घरी आल्यावर 5 दिवसांनी पुन्हा टेस्ट करा. बॅगा पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं जास्त उपयोगाचं, कारण हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो.

हे सगळं मुलं निघण्याआधीच फोनवर त्यांच्याशी बोलून ठरवा. इतक्या महिन्यांनी घरी आलेल्या मुलीला दारातच ‘लांब उभी राहा’ म्हटलं तर तिला फार लागतं. आजीशी दारातून, मास्क लावून बोलायला काहीच हरकत नाही. ताप, खोकला किंवा वास जाणं जाणवलं, तर मात्र आधीचा रिपोर्ट बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा.